नदीकाठच्या दुर्लक्षित घाटावर छोटा निवारा बांधायचाय? पहिल्या पाहणीपासून पुरानंतरच्या झाडूपर्यंत

पुण्यात मुठेच्या काठाने म्हात्रे पुलापासून संगमापर्यंत चालत गेलात तर अशा कितीतरी जागा दिसतात, जुन्या घाटाच्या चार-पाच पायऱ्या शिल्लक आहेत, त्यावर कुणीतरी राडारोडा ओतलाय, बाजूला छोटं देऊळ, एखादं उंबराचं झाड आणि त्यापुढे थेट काळं पाणी. लोकांना वाटतं इथे काही होणार नाही. पण होऊ शकतं, फार मोठं काही नाही, बसायला कट्टा, पावसात दहा-वीस माणसं उभी राहतील एवढं छप्पर आणि खाली उतरायला धड पायऱ्या, एवढंच. आर्किटेक्चरचे विद्यार्थी, नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले लोक आणि आपल्या प्रभागासाठी खटपट करणारी मंडळी यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण मुठेचं घेतलंय कारण ती नदी मला माहितीये, पंचगंगा असो कृष्णा असो की गोदावरी, कामाचा क्रम हाच राहतो, आकडे बदलतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही जे बांधणार त्याचा खालचा अर्धा भाग जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणार आहे आणि वरचा कधीतरी जाणार आहे. जानेवारीतली छान संध्याकाळ डोळ्यासमोर ठेवून काढलेली चित्रं जुलैत वाहून जातात, त्यामुळे डिझाइनची सुरुवात जुलैपासूनच करायची.

आधी पूररेषा, मग पेन्सिल

महाराष्ट्रात नदीला दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा प्रतिबंधित पट्टा, इथे बाग, हिरवळ, मोकळी जागा, सार्वजनिक शौचालय असले मोजके वापर चालतात, बाकी बांधकाम नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, इथे लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर बांधकामाला परवानगी मिळू शकते. हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात.

याचा डिझाइनवर थेट परिणाम होतो. छप्पर असलेला भाग निळ्या रेषेच्या बाहेर न्यायचा आणि आत फक्त पायऱ्यांची दुरुस्ती, जमिनीलगतचे कट्टे, झाडं. जलसंपदा विभागाकडून तुमच्या नेमक्या जागेच्या दोन्ही पातळ्या मीटरमध्ये लेखी घ्या, नकाशावरची रेघ बघून अंदाज बांधू नका, कारण तीव्र उतारावर दोन रेषा अगदी जवळजवळ येतात आणि सपाट काठावर लांब जातात. त्यांच्याकडूनच ना-हरकतही लागते, मग महापालिका. पेठांच्या भागात काम असेल तर अजून एक बघायचं. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत, अशा स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने, आणि नदी या दोघांपासून फार लांब नाहीये. नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या आराखड्यात तुमचा तुकडा येतो का तेही विचारून घ्या. हे सगळं कंटाळवाणं आहे हे खरं, पण याशिवाय केलेलं सुंदर ड्रॉइंग पहिल्याच मीटिंगमध्ये बाजूला पडतं आणि सोबतच्या लोकांचा उत्साह जातो तो परत येत नाही.

जागा वाचायची कशी

पाहणीला टेप, लेव्हल मशीन आणि खडू एवढं घ्या. पहिलं काम पुराच्या खुणा शोधणं. काठावरच्या करंजाच्या आणि वाळुंजाच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, सुकलेली जलपर्णी अडकलेली असते. सगळ्यात वर अडकलेली पिशवी म्हणजे गेल्या काही पावसाळ्यांतली पातळी, फक्त फांद्या पाण्याच्या जोराने वाकतात म्हणून शक्यतो जाड फांदीवरची खूण धरा. देवळाच्या भिंतीवर गाळाची फिकट रेघ दिसते ती जास्त भरवशाची. सगळ्या खुणा एकाच बेंचमार्कपासून, म्हणजे न हलणाऱ्या एका पक्क्या खुणेपासून मोजा. मग आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं हे पेठेतल्या जुन्या घरांमध्ये अजून बोट दाखवून सांगतात, ते डिझाइनसाठी धरायचं नसतं पण ऐकून ठेवायचं. अलीकडचं म्हणाल तर २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवत असेलच.

आता सगळ्यात उपयोगी काम, आणि हे जवळजवळ कुणीच करत नाही. घाटाच्या भिंतीवर फुटाफुटाला ऑइल पेंटने खुणा करा, अर्थात देवस्थानाला किंवा ज्यांची भिंत आहे त्यांना विचारूनच, आणि जुनी कोरीव भिंत असेल तर रंग अजिबात लावू नका, शेजारी खांब रोवा. खडकवासला धरणातून विसर्ग, म्हणजे पाणी, सोडला की आकडा जाहीर होतोच, एवढे हजार क्युसेक. त्या दिवशी सुरक्षित अंतरावरून, पुलावरून किंवा रस्त्यावरून, पाणी कितव्या खुणेला आहे ते वाचायचं आणि वहीत विसर्गासमोर लिहायचं. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, तेव्हा १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी तुमच्या समोरून जातंय. एका पावसाळ्यात तुमच्या जागेचा स्वतःचा तक्ता तयार होतो आणि नंतर प्रत्येक पायरी कधी बुडेल हे तुम्ही सांगू शकता. कोल्हापूरकरांना यातलं काही समजावायला नको, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे तिथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं.

माणसांचीही पाहणी करा, वेगवेगळ्या वेळी जाऊन. पहाटे फिरणारे, माशांना कणकेच्या गोळ्या टाकणाऱ्या आजी, कपडे धुणारे, गळ टाकून बसलेली मुलं, दुपारी पत्ते कुटणारे, रात्री दारू पिणारे, दशक्रियेला आलेली कुटुंबं, अनंत चतुर्दशीची गर्दी. यातल्या कुणालाही हाकलून लावायच्या विचाराने डिझाइन करू नका. ती जागा त्यांच्यामुळेच अजून जिवंत आहे.

आणि नाला. शहरातल्या काठावर दर थोड्या अंतराने एखादा नाला नदीत पडतो. तो कुठे पडतो, वारा कुठून येतो हे बघून बसायची जागा ठरवायची. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून नैऋत्येकडून असतो, नाला त्या बाजूला असेल तर कितीही देखणा कट्टा केलात तरी तिथे कुणी दहा मिनिटं बसणार नाही. नाल्यालाही पूर येतो हे विसरू नका, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुण्याने पाहिलंय.

प्लॅनच्या आधी सेक्शन

रस्त्यापासून पाण्यापर्यंतचा एक आडवा छेद (सेक्शन) १:५० प्रमाणात काढा. त्यावर उन्हाळ्यातली पातळी, तुमच्या वहीतल्या पातळ्या, निळी, लाल अशा सगळ्या रेघा रंगाने ओढा आणि हा कागद भिंतीवर लावून ठेवा, डिझाइनचे सगळे निर्णय याच्यावर होतात. खालच्या पायऱ्या पाण्याच्या, मधले रुंद टप्पे बसायचे, वर जोतं आणि त्यावर छप्पर. जोतं नियमामुळे उंच घ्यावं लागलं तर ते ओझं समजू नका, त्याच्याच पायऱ्या करा. चालायच्या पायरीला ३०० मिमी पाऊल आणि १५० मिमी उंची, बसायच्या पायरीला ४५० मिमी उंची, म्हणजे तीन चालायच्या बरोबर एक बसायची. जुन्या घाटांची मजा यातच आहे, जिना कुठला आणि बैठक कुठली हे वेगळं काढताच येत नाही.

रॅम्प १:१२ चा, म्हणजे बारा फुटांना एक फूट चढ, निदान मधल्या टप्प्यापर्यंत तरी. जागा पुरत नाही म्हणून रॅम्प उडवू नका, रस्त्याच्या पातळीवरूनच नदी दिसेल असा एखादा कट्टा ठेवा म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांना खाली उतरायची सक्ती राहत नाही.

सुरक्षिततेबद्दल माझं मत ठाम आहे. आडोसा तयार होईल अशी एकही भिंत कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही, रस्त्यावरून आतलं सगळं दिसलं पाहिजे आणि बाहेर पडायला दोन वाटा पाहिजेत. एकटी मुलगी संध्याकाळी सात वाजता तिथे बसू शकत नसेल तर ती जागा सार्वजनिक झाली असं मी मानत नाही.

पाण्याच्या जोराचा हिशोब

इथे थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त गफलती इथे होतात. आपण छोट्या बांधकामाला वाऱ्याचा विचार करतो, पुण्याला मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, त्याचा दाब साधारण ९० किलो प्रति चौरस मीटर येतो. पाण्याचं बघा. पुलांच्या खांबांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं साधं सूत्र आहे, दाब म्हणजे ५२ गुणिले के गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर किलो प्रति चौरस मीटरमध्ये, आणि के हा खांबाच्या आकारावरून ठरणारा आकडा. खांबाचं तोंड चौकोनी असेल तर के १.५, गोल असेल तर ०.६६. पाणी सेकंदाला ३ मीटरने आलं तर चौकोनी तोंडावर सुमारे ७०० किलो आणि गोल तोंडावर सुमारे ३१० किलो, म्हणजे फक्त तोंड गोल केल्याने जोर निम्म्याहून खाली येतो, एक पैसा जास्त न घालता. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हेही त्यातच आलं.

हे आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना नीट कळत होतं. वाईला कृष्णेच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ आहे ना, १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं, त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलीये म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशेपेक्षा जास्त वर्षं ते देऊळ नदीच्या अंगणात उभं आहे. कुणीही नदीकाठी पहिलं काम घेतलं की मी त्यांना वाईला जाऊन त्या भिंतीभोवती एक चक्कर मारून या म्हणतो, गणपती पुढून सगळेच बघतात, तुम्ही मागून बघा.

तर तुमचं जोतं लांबट घ्या, प्रवाहाच्या दिशेने, वरच्या अंगाचं टोक निमुळतं किंवा गोल. खांब कमीत कमी आणि एकमेकांपासून निदान ३ मीटर, कारण खरा धोका पाण्यापेक्षा पाण्यातून येणाऱ्या कचऱ्याचा असतो. जलपर्णी, गोण्या, ओंडके दोन खांबांच्या मध्ये अडकतात, त्यावर अजून अडकतं आणि तासाभरात तुमच्या मोकळ्या मंडपाची आख्खी भिंत झालेली असते, जिच्यासाठी तो मंडप कधीच डिझाइन केलेला नव्हता. रेलिंगचंही तेच. प्रवाहाला आडवं रेलिंग लावायचंच झालं तर काढता येणारं, आपल्याकडच्या बुडीत पुलांवर पाइपचे कठडे पावसाळ्याआधी काढून ठेवायची पद्धत आहे तीच इथे चालते.

हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायचंच, पण त्याच्याकडे जाण्याआधी एक प्रयोग स्वतः करा. १:५० चं मॉडेल पीव्हीसी बोर्डचं करा, पसरट ट्रेमध्ये चिकटवा, ट्रेचं एक टोक विटेवर टेकवून वरून नळीने पाणी सोडा आणि पाण्यात गवताच्या काड्या, दोऱ्याचे तुकडे टाका. काड्या कुठे अडकतात ते बघा, कुठे भोवरा होतो, कुठे पाणी साचून राहतं तेही दिसतं. मॉडेल थोडं फिरवा, परत पाणी सोडा. यातून आकडे मिळत नाहीत, पण खांब कुठला नकोय हे अर्ध्या तासात कळतं आणि प्रभागातल्या लोकांना दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, रेंडर बघून कुणी प्रश्न विचारत नाही, पाणी बघून सगळे विचारतात.

जमिनीखाली

काठावर वरचा थर बहुतेक वेळा राडारोड्याचा भराव असतो, त्याखाली गाळ किंवा काळी माती, मग मुरूम आणि खाली बेसाल्ट. ट्रायल पिट, म्हणजे थर बघायला खणलेला खड्डा, घेतल्याशिवाय पायाचं ड्रॉइंग करू नका, दोन पिट घ्या, एक पाण्याच्या बाजूला एक रस्त्याच्या बाजूला, कारण दहा मीटरमध्ये थर बदलतात. भरावावर काहीही टेकवायचं नाही, पाया मुरमात किंवा खडकात. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरमागे एक टनाने कमी भरतं, २.४ टनाचं १.४ टन, त्यामुळे हलक्या छपराचे खांब उपटले जाणार नाहीत ना हे वेगळं तपासावं लागतं.

घाटाच्या भिंती ढासळतात त्या पूर चढताना कमी आणि उतरताना जास्त. धरणाचे दरवाजे बंद झाले की नदी पटकन खाली जाते, पण भिंतीमागची माती अजून पाण्याने गच्च असते, समोरचा आधार गेला आणि मागचा रेटा तसाच. २ मीटर उंच साठलेलं पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला जवळपास २ टनाने ढकलतं, मातीचा रेटा अजून वेगळाच. उपाय स्वस्त आहे, १०० मिमीचे पाइप दर दीड मीटरवर, मागे खडीचा थर आणि जिओटेक्स्टाइलचं गाळणीसारखं कापड, म्हणजे पाणी निघेल आणि माती राहील. कॉन्ट्रॅक्टर पाइप टाकतो आणि मागची खडी विसरतो, ते काम चालू असताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. पायथ्याशी मोठे दगड रचून पिचिंग करा नाहीतर पाणी पायरीखालची माती काढून नेतं.

मटेरियल

खालच्या भागाला काळा दगड, दुसरा विचार करू नका. जुने चिरे राडारोड्याखाली पुरलेले सापडतात ते आधी काढून मोजा, नंबर घाला, परत वापरा. जुन्या चुन्याच्या बांधकामाच्या सांध्यांत सिमेंट भरू नका, चुनाच भरा, सिमेंट ताठ असतं आणि ओल आत अडकवतं. पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा टाइल नको, गाळाचा पातळ थर बसला की माणूस घसरलाच, छिन्नीने टाकलेला खडबडीत पृष्ठभाग ठेवा. स्टेनलेस स्टीलची रेलिंग चोरीला जाऊन भंगारात जाते, महिनाभरात जाते. त्यापेक्षा जाड लोखंडी पाइप, हॉट डिप गॅल्वनाइज केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, आणि वेल्डिंग सगळं गॅल्वनाइजिंगच्या आधी. छपराला माणगा बांबू छान दिसतो, बोरॅक्स-बोरिकची ट्रीटमेंट करून, फक्त तो पुराच्या पातळीच्या पुरेसा वर असायला हवा आणि पश्चिमेकडून झड येते म्हणून त्या बाजूची वळचण लांब, निदान एक मीटर बाहेर.

फरशीला नदीकडे १:५० चा उतार द्या, आतले कोपरे गोल करा, नळ आणि लांब पाइपची सोय ठेवा. पुरानंतर गाळ ओला असतानाच पाण्याने ढकलायचा असतो, वाळला की कुदळ लागते. विजेचा बोर्ड लाल रेषेच्या वर. दिवे थोडे, खाली बघणारे, नदीवर फोकस मारू नका, काठावरच्या झाडांत वटवाघळं आणि पक्षी राहतात. उंबर, करंज, वाळुंज, अर्जुन यातलं जे आधीपासून तिथे आहे त्याच्या मुळांपासून लांब खणा आणि कमी पडलं तर हीच लावा. गर्दीचा भार ५०० किलो प्रति चौरस मीटर धरा, विसर्जनाच्या दिवशी लोक छपराखाली नाही तर कठड्यावर आणि जोत्याच्या कडेवर चढतात, कडा त्या हिशोबाने मजबूत हव्यात.

पैसे आणि ताबा

बजेट मांडताना निम्म्याहून जास्त रक्कम पाया, भिंतीमागचा निचरा आणि पिचिंग यासाठी ठेवा. देणगीदाराला छपरावर नाव हवं असतं, पायावर कुणालाच नको, म्हणून हे आधीच वेगळं करून सांगा. काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरीस पूर्ण व्हायला हवं, पाण्याच्या बाजूचं काम सगळ्यात आधी उरकायचं. उशीर होतोय असं दिसलं तर छप्पर पुढच्या वर्षावर टाका पण पिचिंग अर्धवट ठेवून पावसाळ्यात शिरू नका.

शेवटचं ड्रॉइंग म्हणजे एक पानी मराठी कागद, लॅमिनेट करून देवळात किंवा जवळच्या दुकानात टांगायचा. त्यावर एवढंच: विसर्ग किती झाला की रेलिंग काढायची आणि ती कुठे ठेवायची, मेन स्विच कुठे, चावी कुणाकडे, पाणी उतरल्यावर किती तासांत गाळ धुवायचा, निचऱ्याच्या पाइपात सळई कधी घालायची, आणि आरोग्य कोठी (महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांची चौकी) व क्षेत्रीय कार्यालयात कुणाला फोन करायचा. विसर्गाचा आकडा तुमच्या त्या वहीतल्या तक्त्यातून येतो. हा कागद घेऊन मे महिन्यात एकदा सगळ्यांना जमवा, रेलिंग प्रत्यक्ष काढून बघा, बोल्ट गंजलेत का ते तेव्हाच कळेल, आणि गंजले असतील तर पहिल्या पावसाच्या आधी बदलायला हातात अजून दोन-तीन आठवडे असतात.